प्लास्टिक कुजत नाही, त्याचा भुगा होतो

‘प्लास्टिकची बाटली समुद्रात कुजायला ४५० वर्षं लागतात,’ हे वाक्य फलकांवर इतक्यांदा दिसतं की ते कुणी मोजलं असेल असंच वाटतं. पण आज सर्रास वापरात असलेलं पॉलिथिन कारखान्यात बनवण्याची वाट सापडली तीच १९३३ मध्ये. साडेचारशे वर्षं वाट कुणी पाहिली? आणि मुळात ‘कुजणं’ हा शब्दच इथे चुकीचा आहे.

दोरीवर वर्षभर उन्हात राहिलेला कपड्यांचा चिमटा दाबून पाहा. कट्‌कन तुटतो आणि बोटांना बारीक भुकटी लागते. समुद्रावर तरंगणाऱ्या प्लास्टिकचंही असंच होतं. पॉलिथिन म्हणजे कार्बनच्या हजारो अणूंच्या, एकमेकींत गुंतलेल्या लांबलचक साखळ्या. या गुंत्यामुळेच ते वाकतं, तुटत नाही. शुद्ध पॉलिथिनला उन्हाचं फारसं भय नसतं. पण बनवताना त्यात राहिलेल्या अशुद्धी अतिनील किरण शोषतात आणि साखळीवरचा एखादा हायड्रोजन निसटतो. मागे उरतो मुक्त मूलक, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीविना राहिल्यामुळे दुसऱ्या कशाशी तरी जुळायला उतावीळ झालेला रेणू. तो ऑक्सिजन पकडून पेरॉक्सी मूलक होतो, शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतो आणि तिथे नवा मूलक तयार होतो. या ओढाताणीत बनलेलं हायड्रोपेरॉक्साइड उन्हात फुटलं की एकाचे दोन मूलक होतात. पुढे साखळीवर कार्बोनिल गट (कार्बन आणि ऑक्सिजनच्या जोड्या) तयार होतात, साखळ्या तुटतात, गुंता सुटतो. मग लाटांचे धक्केही पुरतात.

५ मिलिमीटरहून लहान तुकड्यांना सूक्ष्मप्लास्टिक म्हणतात. १ सेंटीमीटरच्या घनाचे १ मिलिमीटरचे घन केले, तर प्लास्टिक तेवढंच राहतं, पृष्ठभाग मात्र ६ चौरस सेंटीमीटरचा ६० होतो. त्यावर शेवाळ आणि जीवाणू बसतात, पाण्याहून हलका कणही जड होऊन बुडतो. खोल समुद्रात ऊन नाही, थंडी आहे; तिथे ही सगळी प्रक्रिया जवळजवळ थांबते.

२०१६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी प्लास्टिक खाणारा जीवाणू जाहीर केला तेव्हा प्रश्न सुटल्यासारख्या बातम्या आल्या. शोध सुंदरच आहे. पण तो जीवाणू पाण्याच्या बाटल्यांच्या पेट प्लास्टिकमधला एस्टर बंध, म्हणजे साखळीचे भाग ऑक्सिजनमार्फत जोडणारा दुवा, तोडतो. पिशव्यांच्या पॉलिथिनमध्ये तो बंधच नसतो.

भुगा गोळा करता येत नाही, अखंड वस्तू येते. म्हणून एकदाच वापरायची पिशवी आणि बाटली आधी घरातून हद्दपार करावी. कृत्रिम धाग्याचे कपडे उगाच धुऊ नयेत, कारण प्रत्येक धुण्यात त्यांचे तंतू सुटून पाण्याबरोबर जातात. आणि उन्हात पांढुरकी पडलेली बादली किंवा ताडपत्री हाताला भुकटी लागण्याआधीच, अखंड असताना, पुनर्वापराला द्यावी.