स्टोरेज भरलं? आधी मोजू, मग पुसू

सर्व्हर ९५ टक्के भरला की आम्हाला फोन येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला : "एवढं भरलंय तरी काय?" घरच्या लॅपटॉपवर हे दोन मिनिटांत कळतं. शंभर टेराबाइटच्या स्टोरेजवर तसंच शोधायला बसलात तर अख्खा दिवस जातो.

लिनक्सची 'डीयू' कमांड एकेका फाइलपाशी जाऊन तिनं किती जागा घेतली ते विचारते. त्यामुळे फाइल केवढी आहे यापेक्षा फाइली किती आहेत, यावर वेळ ठरतो. एका फाइलला एक मिलिसेकंद धरलं तरी चार कोटी फाइलींना ११ तास लागतात, आणि तोवर ऑफिसातल्या सगळ्यांचंच काम रखडतं. कृपया भर दुपारी सगळ्या स्टोरेजवर 'डीयू' लावू नका.

आम्ही रात्री 'एनसीडीयू' या फोल्डरनिहाय जागा दाखवणाऱ्या टूलनं एकदाच मोजणी करतो आणि निकाल फाइलमध्ये साठवतो. सकाळी तो उघडला की सर्वांत जड फोल्डर वरच दिसतो. त्याच्या आत, मग त्याच्याही आत शिरत जायचं. डिस्कवर पुन्हा भार पडत नाही. 'सेफएफएस' ही फाइल सिस्टिम (फाइली साठवायची यंत्रणा) वापरणाऱ्यांना हीसुद्धा गरज नाही, कारण प्रत्येक फोल्डरची आतल्या सगळ्यासकट बेरीज तिथे आपोआप ठेवली जाते.

खरी गफलत पुढे होते. एका व्हिडिओ एडिटिंग स्टुडिओत दोन टेराबाइट जुनं फुटेज पुसलं, तरी मोकळी जागा होती तेवढीच. तिथली एडिटर पुन्हा पुन्हा आकडा बघत होती, रात्रीचं रेंडर अडलेलं. फुटेज झेडएफएस या फाइल सिस्टिमच्या रोजच्या स्नॅपशॉटांनी (त्या-त्या वेळी डेटा जसा होता तसा जपून ठेवणाऱ्या नोंदींनी) धरून ठेवलं होतं, आणि 'डीयू'च्या बेरजेत ते येत नाही. 'झेडएफएस लिस्ट -ओ स्पेस' दिल्यावर 'यूज्डस्नॅप'च्या रकान्यात ते सापडलं. जुने स्नॅपशॉट काढले तेव्हा जागा सुटली. अशीच लपून जागा अडवणारी दुसरी गोष्ट म्हणजे पुसलेली पण चालू प्रोग्रॅमनं उघडी ठेवलेली लॉग फाइल. ती 'एलएसओएफ' या उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या कमांडमध्ये दिसते. प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की जागा मोकळी होते.

जागा शिल्लक दिसते आणि तरीही 'डिस्क फुल' येतं, असं असेल तर आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलच्या नोंदीसाठी लागणारे कप्पे, संपलेले असू शकतात. लाखो बारीक फाइली साचल्या की असं होतं.

तेव्हा फोन करताना 'डीएफ -एच' (शिल्लक जागा दाखवणारी कमांड) आणि 'डीएफ -आय' (शिल्लक आयनोड दाखवणारी) या दोन्हींचे स्क्रीनशॉट पाठवा. आणि घाबरून काहीही पुसू नका, विशेषतः स्नॅपशॉट : चुकून गेलेली फाइल बहुतेक वेळा आम्ही तिथूनच परत आणतो.