गुळानं शुगर वाढत नाही म्हणते, ते खरं नाही
एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) 5.7 ते 6.4 टक्क्यांच्या मधात, म्हणजे डायबेटिसच्या आधीच्या प्रीडायबेटिस स्टेजला आलं की आपल्या नागपुरात घरोघरी एकच सल्ला, साखर सोडा, चहात गूळ टाका, गुळानं काही होत नाही. होते हो! गूळही बहुतेक सुक्रोजच आहे, थोडं लोह वगैरे असते त्यात पण रक्तातली साखर चढतेच. अन् नुसती साखर सोडून सकाळी प्लेटभर पोहे, दुपारी भाताचा ढीग, वरून संत्र्याचा ज्यूस, तर काय फायदा? संत्रं सोलून खा, चोथा पोटात जाऊ द्या. पोहे कमी, तर्रीतले चणे जास्त. भात अर्धा करून ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी वाढवा. या स्टेजला शुगर परत नॉर्मलला येऊ शकते म्हणून इतकं सांगून राहिलो, तीनेक महिन्यांनी टेस्ट परत करा.