पांढरं जाणं, गोड गोळ्या आणि पिवळं पाकीट

बीड जिल्ह्यातल्या केज-धारूरकडची बाई आजाराचं नाव घेत नाही. ‘पांढरं जातंय’, ‘ओटीपोट दुखतंय’, ‘कंबर धरलीय’, एवढंच सांगते, तेही दाराकडं बघत. बहुतेक वेळा तेही सांगत नाही, अंगावर काढते. ओटीपोटाचा संसर्ग, ज्याला डॉक्टर पीआयडी म्हणतात, तो अशा अंगावर काढण्यातच मुरतो. जंतू योनीमार्गातून वर चढतात, गर्भाशयात आणि पुढं गर्भनलिकांत जातात. नळ्या आतून चिकटतात.

या जंतूंपैकी एक गोनोरिया या लैंगिक आजाराचा. तो अल्बर्ट नायसर यांनी 1879 मध्ये ओळखला. होमिओपॅथीचे, म्हणजे गोड गोळ्यांच्या पद्धतीचे, जनक हानेमान त्याच्या 36 वर्षं आधीच वारले होते. त्यांनी 1828 मध्ये जुनाट आजारांवर लिहिताना गोनोरियाला ‘सायकोसिस’ या मूळ दोषाशी जोडलं. जंतू माहीत नसलेल्या त्या काळातली ही मांडणी आजही औषध निवडताना वापरतात: माकुळाच्या शाईपासूनचं सेपिया, एका फुलझाडापासूनचं पल्साटिला, खुद्द गोनोरियाच्या स्रावापासून केलेलं मेडोऱ्हिनम.

ही पद्धत भारतात रुजली. 1839 मध्ये होमिओपॅथी वापरणारे युरोपीय डॉक्टर होनिगबर्गर रणजितसिंहांच्या दरबारात होते. 1973 मध्ये होमिओपॅथीसाठी केंद्रीय कायदाही झाला. पण आमच्या बाया होमिओपॅथीच्या दवाखान्यात जातात त्याचं कारण साधं आहे. तिथं आतून तपासत नाहीत आणि झोप, राग, सासर सगळं विचारतात. एवढं ऐकून घेणारं दुसरं कोण आहे? हा मान मी त्या दवाखान्यांना मनापासून देते. तरीही गोड गोळ्यांनी हा संसर्ग बरा होतो, असा भरवशाचा पुरावा नाही. एका मावशींच्या ट्रंकेत मला अशा गोळ्यांच्या सात रिकाम्या बाटल्या दिसल्या. चार वर्षं औषध चालू होतं, तपासणी एकदाही झाली नव्हती.

उशिराची किंमत स्वीडनमधल्या पाहणीत दिसली: संसर्ग एकदा झालेल्या साधारण 8 टक्के बायांच्या नळ्या बंद होऊन मूल राहिलं नाही, तीनदा झालेल्यांत 40 टक्के.

आणि मग पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढून टाकणं. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायांचा प्रश्न गाजला तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आलेल्या पाहणीत 82,309 बायांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. पांढरं जाणं, पोट दुखणं, पाळीचा त्रास, असल्या तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणी त्यात होत्या. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून कायमचा निकाल लावलेला बरा वाटतो.

या दोन टोकांच्या मधे सरकारी दवाखान्यात एक पिवळं पाकीट असतं, सहा नंबरचं किट. त्यात सेफिक्झीम, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सिसायक्लिन ही जंतू मारणारी औषधं असतात. फुकट मिळतं, 14 दिवस घ्यायचं असतं. नवऱ्यालाही उपचार लागतात, नाहीतर संसर्ग परत येतो. ऊसतोडीची टोळी दिवाळीनंतर ट्रकमध्ये बसते तेव्हा पाकिटातल्या बऱ्याच गोळ्या घरच्या फडताळातच राहतात, कारण पोट दुखायचं आठव्या दिवशीच थांबलेलं असतं.