बार्सिलोनात शिकायला जाताय? खात्यात किती दाखवायचे, हातात किती लागणार

महिन्याला 600 युरो. स्टुडंट व्हिसासाठी एकट्या विद्यार्थ्याने एवढी ऐपत दाखवावी, असा स्पेनचा नियम आहे, म्हणजे वर्षाचे 7,200 युरो. ही रक्कम 'इप्रेम' या सरकारी निर्देशांकावरून ठरते आणि 2023 पासून ती जागची हललेली नाही. बार्सिलोनाची घरभाडी मात्र हलली आहेत.

तिथे इतरांसोबत राहायच्या फ्लॅटमधली एक खोली साधारण 500 ते 650 युरोंना पडते. घरी रांधून खाल्लं तरी किराण्याचे दोनशेच्या आसपास, शिवाय वीज-इंटरनेट आणि मेट्रोचा पास. त्यामुळे महिन्याला 1,000 ते 1,100 धरूनच घरात हिशेब मांडा. 600 ही फक्त व्हिसापुरती किमान अट आहे.

पहिला महिना सगळ्यात जड जातो. विद्यार्थ्यांना बहुधा हंगामी, म्हणजे ठरावीक काळापुरता भाडेकरार मिळतो आणि अशा करारात 2025 पर्यंत कायद्याने दोन महिन्यांचं डिपॉझिट असायचं. नेहमीच्या राहत्या घराच्या कराराला ते एकाच महिन्याचं. एजंटची फी घरमालकाने भरायची हा 2023 चा नियमही मुळात राहत्या घरांसाठी होता. म्हणून निघताना तीन-चार महिन्यांच्या भाड्याएवढे पैसे वेगळे ठेवा.

व्हिसाचे पैसे आईवडिलांच्या खात्यातले असतील तर बँक स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र आणि खर्चाची हमी देणारं पत्र जोडा. शैक्षणिक कर्ज असेल तर मंजुरीपत्र. अर्जाच्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम आली की शंका घेतली जाते, तेव्हा पैसे आधीपासून राहू द्या.

महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासाकडे जातात. फॉर्म, पासपोर्ट, फोटो, प्रवेशपत्र, राहण्याच्या जागेचा पुरावा आणि आरोग्य विमा लागतो. विमा पूर्ण संरक्षणाचा हवा, प्रवास विम्यावर भागत नाही. मुक्काम 180 दिवसांहून जास्त असेल तर वैद्यकीय दाखला आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट वाढतं.

लोक अडकतात ते या सर्टिफिकेटपाशी. आधी पासपोर्ट सेवा केंद्रातून ते काढायचं, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का), आणि त्यानंतर शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. अपोस्टिलच्या आधीच भाषांतर करून घेतलं, तर त्यात अपोस्टिलचा मजकूर नसतो आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात.

तिथे पोचल्यावर पत्त्याची नोंद नगरपालिकेत करायची. काही घरमालक नोंदीला नाही म्हणतात, म्हणून खोली ठरवतानाच विचारा. मुक्काम सहा महिन्यांहून मोठा असेल तर पोचल्यापासून महिन्याभरात परदेशी ओळखपत्रासाठी अर्ज करायचा असतो. त्याची अपॉइंटमेंट मिळणं हेच खरं दिव्य, तेव्हा उतरल्याबरोबर वेबसाइट उघडून बसा.

उच्च शिक्षण घेणाऱ्यांना आठवड्याला 30 तासांपर्यंत काम करता येतं. 2025 चं किमान वेतन पूर्णवेळ कामाला महिन्याला 1,184 युरो होतं, असे वर्षाला 14 हप्ते. तीस तासांचे त्या प्रमाणात 888 होतात, तेही कपातीआधी. भाडं भरून जेवणापुरतं उरेल. पण काम आधी मिळायला हवं, आणि दुकानात किंवा हॉटेलात स्पॅनिशशिवाय ते अवघड. व्हिसाच्या अर्जात ही पुढची कमाई मोजत नाहीत.