घसाऱ्याचा तास आणि सहा मिनिटांचा व्हिडिओ

शाळा-कॉलेजातला ‘तास’ साठ मिनिटांचा सहसा नसतो. आमच्या कॉलेजात तो ४८ मिनिटांचा. २०२० ची टाळेबंदी लागली तेव्हा सोलापुरातल्या आम्ही काही शिक्षकांनी हाच तास मोबाइलसमोर बसून जसाच्या तसा घेतला आणि मुलांना पाठवून दिला. पुढे कुणीतरी म्हणाले, एवढे लांब कोण बघतो? मग एडिटिंग करणाऱ्याने घसाऱ्यावरच्या (वापराने वस्तूची किंमत दरवर्षी घटते त्यावरच्या) माझ्या तासाचे बारा-बारा मिनिटांचे चार तुकडे केले. दोन दिवसांनी पूर्व भागात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीचा मेसेज आला, ‘सर, माग केवढ्याला घेतला होता?’ उदाहरणातल्या यंत्रमागाची किंमत दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी राहिली होती आणि आकडेमोड तिसऱ्यात सुरू झाली होती.

ऑनलाइन अभ्यासक्रम छोट्या घटकांत मांडावा, हे आता सगळेच सांगतात. हा विचार कसकसा आला ते बघू लागलो, की धड्याची लांबी बहुतेक वेळा तो पोचवणाऱ्या वाहनानेच ठरवलेली दिसते. शिकणाऱ्याला क्वचितच कुणी विचारले.

आपल्याकडची जुनी रीत संथेची. गुरूने एक तुकडा म्हणायचा, शिष्याने तो मागे म्हणायचा. तुकडा कानाला आणि श्वासाला पेलेल एवढाच. पाढ्यांचेही तसेच : दहा ओळींचा एक पाढा, मग पावकी, निमकी, पाऊणकी. घोकंपट्टी म्हणून आपण त्यांना नावे ठेवतो, ते बरोबरही आहे. पण चुकले की ऐकणारा तिथल्या तिथे अडवायचा, ही सोय पुढे बराच काळ कुणालाच जमली नाही.

इंग्लंडमध्ये १८४० साली स्वस्त टपाल सुरू झाले आणि आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलिपी (शॉर्टहँड) शिकवायला घेतली. विद्यार्थ्याने उतारा लघुलिपीत लिहून धाडायचा, तो तपासून परत यायचा. धडा पाकिटात मावेल एवढा झाला. वर्गात मात्र घंटेचे राज्य होते. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या अनुयायांची पंचपदी, म्हणजे पाठ घेण्याच्या पाच पायऱ्या, डी.एड.-बी.एड.ला पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. घटक, उपघटक, पाठ टाचण, घटक चाचणी हे शब्द आजही शिक्षकांच्या रोजच्या तोंडात आहेत. टाचण कितीही नेटके असो, घंटा वाजली की पाठ संपला.

खरे वळण आले ते १९५३ मध्ये. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर मुलीच्या गणिताच्या वर्गात पालक म्हणून जाऊन बसले. मुले गणिते सोडवत होती, पण आपले बरोबर आले की चूक हे कुणालाच लगेच कळत नव्हते. काहींचे केव्हाच झाले होते, काही अडून बसले होते. १९५४ मध्ये स्किनर यांनी यावर लेख लिहिला आणि अध्यापन यंत्रही करून दाखवले. यंत्राच्या खिडकीत एका वेळी एकच चौकट यायची : एखाद-दुसरे वाक्य आणि गाळलेली जागा. ती भरायची, उत्तर ताडून पाहायचे, मग पुढे. चौकट इतकी लहान की चुकण्याची वेळच सहसा येऊ नये. हे लवकरच कंटाळवाणे होते, ही टीकाही झाली आणि ती मला पटते. पण घटक संपला हे उत्तराने कळावे, ही यातली अस्सल गोष्ट होती. १९६८ मध्ये मानसशास्त्रज्ञ फ्रेड केलर यांनी तीच मोठ्या मापाने मांडली. विद्यार्थ्याने आपल्या गतीने एक घटक वाचावा, चाचणी द्यावी, पक्के झाल्यावरच पुढचा घ्यावा.

याच काळातला मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा ‘सात, अधिक-उणे दोन’ हा आकडा फार वापरून गुळगुळीत झाला आहे. तो होता क्षणभर ध्यानात राहणाऱ्या गोष्टींबद्दल. कोर्समध्ये सातच प्रकरणे असावीत असे त्यात कुठेही नाही.

आपल्या मुक्त विद्यापीठांनी, म्हणजे १९८५ चे इग्नू आणि १९८९ चे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ यांनी, शिक्षक समोर नाही हे धरूनच पुस्तके लिहवून घेतली. आधी उद्दिष्टे, मग मजकूर, मध्ये मध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न. इग्नूत एक श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला त्यावरून आठवड्याचा हिशेब मांडता येतो.

संगणकावर आल्यावर हे प्रश्न पुष्कळदा गळाले. मूडल (२००२) या ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरने कोर्स आठवड्यांत किंवा विषयांत मांडायची चौकट दिली. आत काय भरायचे ते शिक्षकावर. खान अकॅडमीचे सलमान खान २००६ मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ टाकू लागले तेव्हा तिथे दहा मिनिटांची मर्यादा होती, म्हणून धडेही तेवढेच. २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, मध्यक काढला तर पाहणारे सहा मिनिटांपलीकडे टिकत नव्हते. तेव्हापासून ‘सहा मिनिटे’ हा जणू शासन निर्णयच झाला. त्या आकड्यात किती पाहिले एवढेच होते, किती समजले हे नव्हते. २०१७ च्या स्वयम्‌ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठाने व्हिडिओ, वाचन, स्वयंचाचणी आणि चर्चा असे चार भाग ठेवले, म्हणजे चाचणीला निदान जागा तरी मिळाली.

आमच्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड लावले. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि त्यांनी निम्मी रक्कम इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातली बारीक गोष्ट आवडते : कोड कवितेच्या किंवा धड्याच्या पानावर आहे. अडले त्याच जागी मोबाइल धरायचा. तुकडा कुठे सुरू होतो ते पानच सांगते.

घसाऱ्याचे चार तुकडे मी मोडले. आता पहिला व्हिडिओ नऊ मिनिटांचा आहे, सहाचा नाही, कारण सरळ रेषा पद्धतीचे (दरवर्षी सारखाच घसारा) एक उदाहरण पुरे व्हायला तेवढा वेळ लागतो. शेवटी एकच गणित : १ जुलैला २,००,००० रुपयांचा माग घेतला, घसारा वार्षिक १० टक्के, ३१ मार्चला खाते बंद. उत्तर १५,००० आले तर दुसरा व्हिडिओ उघडतो. २०,००० लिहिले तर पाटी येते, ‘माग कोणत्या तारखेला आला ते पुन्हा बघा.’