घोडे जोडीने फेरणे

एका घोड्यावर स्वार होऊन दुसऱ्याला दोरीने किंवा लगामाने शेजारी चालवायचे आणि दोघांचाही व्यायाम एकाच फेरीत उरकायचा, अशी ही पद्धत. मराठीत घोडा ‘फेरतात’. घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली या कोड्याचे उत्तर ‘न फिरवल्यामुळे’. ज्याने आयुष्यात लगाम हाती धरलेला नाही, त्यालाही घोड्याची ही गरज या कोड्यातून ठाऊक असते. घोडे दोन आणि स्वार एक असला, की ही पद्धत ओघानेच येते.

रिकाम्या पाठीने, हाती धरून चालवलेल्या घोड्याला जुन्या मराठीत ‘कोतवाल घोडा’ म्हणत. शहर-कोतवालाशी त्याचा संबंध नाही. मूळ शब्द ‘कोतल’, म्हणजे स्वारीबरोबर नेलेला जास्तीचा किंवा मिरवणुकीतला घोडा. मुघल मनसबदारीत ‘दुअस्पा-सिहअस्पा’ अशी स्वारांची वर्गवारी होती; दोन किंवा तीन घोडे बाळगणारे स्वार, असा तिचा अर्थ. यातले जास्तीचे घोडे कुणीतरी हाती धरूनच न्यावे लागत. नागपूरकर भोसल्यांचे राज्य घोडदळावर उभे राहिले. १७४०च्या दशकात रघूजी भोसल्यांचे स्वार बंगालपर्यंत गेले आणि ‘बारगीर’ (सरकारी घोड्यावरचा स्वार) या शब्दाचा ‘बर्गी’ होऊन तो तिथल्या अंगाईगीतात जाऊन बसला. रिकाम्या पाठीच्या घोड्याचा मान आजही पाहायचा असेल तर तो आळंदीच्या वारीत. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणाऱ्या दोन अश्वांपैकी एकावर स्वार असतो, दुसरा माऊलींचा, म्हणून त्यावर कोणीच बसत नाही.

आजच्या नागपुरात घोडा दिसतो तो मुख्यतः वरातीत. पांढऱ्या घोडीला मागणी जास्त. लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते आणि आषाढी एकादशीनंतर चार महिने मुहूर्त नसतात. खरी अडचण इथून सुरू होते. काम बंद, पाऊस चालू, घोडी दिवसभर थानावर (बांधायच्या जागी) उभी आणि चंदी (दाणा) मात्र सराईतल्याइतकीच. अशाने मागचे पाय भरतात, घोडी अंगाने सुटते, माणसाला पाहून दुगाण्या झाडू लागते. त्याहून वाईट म्हणजे, भरपूर दाणा खाऊन उभ्या राहिलेल्या घोडीला एखाद्या दिवशी अचानक पळवले, तर कंबर आणि पुठ्ठ्याचे (पाठीमागच्या मांसल भागाचे) स्नायू दगडासारखे कडक होतात, ती जागची हलत नाही आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. ओढकामाच्या घोड्यांना रविवारच्या सुट्टीनंतर हे होई, म्हणून याला ‘सोमवारचा आजार’ म्हणत. असे दिसले तर तिला चालवत घरी आणू नये. आहे तिथेच उभी ठेवून पशुवैद्याला बोलवावे. टाळण्याचा उपाय मात्र साधा आहे: काम नसेल त्या दिवशी दाणा कमी करायचा आणि फेरणे चुकवायचे नाही. एकट्या माणसाला दोन-तीन घोड्या रोज वेगवेगळ्या फेरणे जमत नाही, म्हणून जोडीने फेरण्याची किंमत इथे सर्वांत जास्त.

पद्धतीचे सारे मर्म कोणता घोडा खाली घ्यायचा आणि कोणता हाती धरायचा यात आहे. स्वारीचा घोडा जुना, शांत, एका हाताच्या लगामावर आणि मांडीच्या इशाऱ्यावर वळणारा हवा. हाती धरायचा घोडा नवखा, वयस्कर किंवा दुखण्यातून उठलेला असला तरी चालतो. किंबहुना त्याच्यासाठीच ही पद्धत सोयीची, कारण पाठीवर ओझे नसते. शिंगरू मोठ्या घोड्याच्या आधाराने बस, हॉर्न, फडफडणारे प्लास्टिक यांना सरावते. पण दोघांचे आपसात पटते का, हे आधी मोकळ्या जागेत पाहावे. शेजारच्याला चावणारा घोडा हाती घेऊ नये आणि माजावर आलेल्या घोडीशेजारी नर तर कधीच नाही.

भारतात वाहतूक डावीकडून चालते. त्यामुळे रस्त्यावर हाती धरलेला घोडा डावीकडे ठेवतात, म्हणजे तो आणि वाहने यांच्यामध्ये स्वार येतो. स्वारीचा लगाम उजव्या हातात, दोरी डाव्या हातात. हातातल्या घोड्याचे डोके स्वाराच्या गुडघ्याच्या रेषेत असावे. पुढे गेला तर तो ओढू लागतो, मागे रेंगाळला तर स्वाराचा हात खांद्यातून मागे ताणला जातो आणि स्वारीच्या घोड्याचा पुठ्ठा त्याच्या तोंडासमोर येतो.

दोरी कशी धरायची हे जवळून पाहण्यासारखे आहे. जाड सुती दोरी, अडीच-तीन मीटर लांब. उरलेली दोरी तळहाताभोवती गुंडाळत नाहीत. तिच्या सपाट घड्या एकावर एक ठेवून मूठ मिटतात. घोडा झटक्याने मागे हटला तर घड्या एकेक करून सुटतात आणि बोटे शाबूत राहतात. गुंडाळी असेल तर तीच दोरी आवळते आणि स्वार खाली खेचला जातो. दोरी खोगिराला बांधून टाकणे तर त्याहून धोक्याचे, कारण एक घोडा पडला की दुसराही पडतो. अमेरिकेतले गुराखी खोगिराच्या पुढच्या खुंटीला दोरीचा वेढा देतात, तोही गाठ न मारता. मैदानात मोहरकी, म्हणजे डोक्याला बांधलेला दोरीचा साज, पुरते. रस्त्यावर मात्र हाती धरलेल्या घोड्यालाही लगाम हवाच. मैदानात सुटलेला घोडा बहुधा जोडीदाराजवळच घुटमळतो, रस्त्यावर त्याचा भरवसा नाही. त्याच्यावर खोगीर असेल तर रिकिबी वर चढवून बांधाव्यात. लोंबत्या रिकिबी बरगड्यांवर आपटल्या की शांत घोडाही बुजतो.

वळणे आधी हातातल्या घोड्याच्या बाजूला, म्हणजे डावीकडे शिकवावीत. डाव्या वळणात तो आतल्या बाजूला येतो, थोडा दबला की पुरे. उजव्या वळणात त्याला बाहेरचा मोठा फेरा वेगाने घ्यावा लागतो; तो मागे पडतो, दोरी ताणते आणि नवखा स्वार मागे वळून पाहण्याच्या नादात मांड सोडतो. चाल कदम (साधे चालणे) आणि दुडकी (हलकी धाव) यांपुरतीच ठेवावी. चौखूर जाताना दोघांत चुरस लागते, आणि एका हाताने दोन घोडे आवरणे चांगल्या चाबुकस्वारालाही अवघड जाते.

नागपूरपुरत्या दोन गोष्टी. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांपुढे जातो. घोडा मुख्यतः घामावाटे थंड होतो, म्हणून फेरी उजाडताच सुरू करून ऊन चढण्याआधी संपवावी. दुसरी गोष्ट सिमेंटच्या रस्त्यांची. शहरातले बरेच रस्ते आता सिमेंटचे झाले आहेत. त्यांवर लोखंडी नाल घसरतो आणि दुडकीचा दणका खुरापासून गुडघ्यापर्यंत बसतो. पावसाळ्यात काळ्या मातीत उतरावे तर चिखल नालच उपसून घेतो. कडेची मुरमाची पट्टी मिळेल तिथे ती धरावी. सिमेंटवर नुसता कदम.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. दोन्ही घोड्यांना सारखे काम मिळत नाही: एकाच्या पाठीवर माणूस आणि खोगीर असते, दुसरा मोकळा. शिवाय रोज डावीकडेच धरलेला घोडा मान उजवीकडे, स्वाराकडे, वाकवून चालायला लागतो. म्हणून स्वारीचा घोडा दिवसाआड बदलावा आणि मैदानात बाजूही बदलावी. लवचिकपणा आणि शिस्त यांसाठी मंडळावर धरणे (लांब दोरीवर गोल फिरवणे) किंवा स्वतंत्र स्वारी यांना पर्याय नाही. पोलोत एकेका खेळाडूला अनेक घोडे लागतात, तिथे मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे) एकावर बसून दोन-तीन घोडे बरोबर नेतात. पण तो सरावलेल्या घोड्यांचा आणि सरावलेल्या हातांचा मामला आहे, वरातीच्या घोड्यांवर त्याची नक्कल करू नये.

परतताना शेवटची दहा-पंधरा मिनिटे कदमच. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. जबड्याखाली बोट ठेवून दोघांचीही पाहावी, कारण हातातला घोडा घामेजला नाही म्हणून तो थकला नाही असे होत नाही. सर्वांत नाजूक क्षण उतरण्याचा. एक पाय रिकिबीत, एक हवेत आणि डाव्या बाजूला, जिथे उतरायचे तिथेच, दुसरा घोडा उभा. त्यामुळे थानावर आल्यावर खाली उभ्या माणसाने आधी हातातला घोडा घेऊन बांधायचा आणि मगच स्वाराने उतरायचे. एकटे असताना दोरी उजव्या हाताकडे घेऊन तो घोडा पलीकडच्या बाजूला उभा करायचा, डावी बाजू मोकळी झाल्यावर उतरायचे आणि खोगीर सैल करण्याआधी त्याला खुंट्याला बांधायचे.