मेमरी सेलची मांडणी : पेटंटचं अपील अडतं कुठे?

रावेर-यावल पट्ट्यात केळी दोन तऱ्हांनी लावलेली दिसते. एक पाच बाय पाच फुटांवर. दुसरी जोडओळ : दोन ओळी जवळजवळ, मध्ये ठिबकची एकच नळी, मग रुंद मोकळा पट्टा. रोपं तीच, पाणी तेच, बदलते फक्त मांडणी. मेमरी चिपमध्येही शेजारचे दोन सेल, म्हणजे एकेक बिट (० किंवा १) साठवणारे कप्पे, आरशातल्यासारखे उलटसुलट ठेवतात. मग तारेचा एकच जोड दोघांना पुरतो आणि जागा वाचते. अशा मांडणीला पेटंट द्यायचं का, हा वाद जुना आहे.

आधीची चढाओढ सेलमधल्या ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे विजेच्या सूक्ष्म स्विचांच्या, संख्येवर होती. स्टॅटिक रॅम या मेमरीच्या नेहमीच्या सेलमध्ये सहा ट्रान्झिस्टर असतात. चार मिळून एक बिट धरून ठेवतात, उरलेले दोन दाराचं काम करतात. इंटेलच्या १९७० च्या ११०३ चिपने तिघांत भागवलं. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड त्याआधीच एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) इथवर पोचले होते; त्यांचं पेटंट जून १९६८ चं. पण हा शोध जोडणीचा होता, कोण कशाला जोडलंय याचा. कोण कुठे बसलंय, हा प्रश्न वेगळा.

अपिलात एकेक शब्द किती जड होतो, हे अमेरिकेत चिपचे दोन जनक, जॅक किल्बी आणि रॉबर्ट नॉइस, यांच्या वादात दिसलं. चिपवरच्या धातूच्या जोडण्या आधी कुणाला सुचल्या, यावर १९६७ मध्ये पेटंट कार्यालयाच्या मंडळाने किल्बींना कौल दिला. १९६९ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. किल्बींच्या अर्जात सोनं पृष्ठभागावर ‘घातलं’ असं होतं. तेवढ्यावरून ते ‘चिकटून बसलं’ असं न्यायालयाला मान्य झालं नाही.

आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(ओ) नुसार चिपवरची निव्वळ आखणी शोध ठरत नाही. तिच्यासाठी २००० चा वेगळा कायदा आहे, नोंदणीचं संरक्षण १० वर्षांचं. मला ही विभागणी योग्य वाटते. नाहीतर प्रत्येक नकाशावर वीस वर्षांचा हक्क सांगितला गेला असता. मात्र मांडणी बदलल्यामुळे विजेची गळती घटते किंवा बिट वाचताना उलटत नाही, असा तांत्रिक परिणाम असेल, तर तो अर्जाच्या दाव्यातच, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय त्या भागातच, नीट उतरायला हवा. नुसता नकाशा जोडला की पेटंट कार्यालयाचे नियंत्रक हेच कलम पुढे करणार.

जळगाव, धुळे, नंदुरबारचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जातो. तो फेटाळला तर अपिलाला तीन महिने. पूर्वी हे अपील बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे जायचं. एप्रिल २०२१ मध्ये ते बरखास्त झालं, तेव्हापासून उच्च न्यायालयात.